स्कॉटलंडच्या निसर्गातून घडलेले तिथले चित्रकार कोण? फोटोवरून तसं निसर्गचित्रण शिकता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. यावरून आमच्या घरात एकदा चांगलीच जुंपली होती, म्हणून लिहायला बसले.

मी अ‍ॅबर्डीनला नोकरी करते, चित्रं हौस म्हणून. माझा चुलतभाऊ पुण्याचा, जलरंगात तयार हात; मेणवलीच्या घाटाची त्याची चित्रं हातोहात खपतात. तो इथे आला तेव्हा मी त्याला मोठ्या कौतुकाने कॅटरलाइनला नेलं. स्टोनहेवनच्या दक्षिणेला कड्यावर बसक्या घरांची एक रांग, खाली दगडगोट्यांचा किनारा आणि छोटासा धक्का. गाव संपलं. दादाने उतरून फोनवर फोटो काढले आणि म्हणाला, "इथे काय आहे गं? ग्लेन्कोला चल." (ग्लेन्को म्हणजे उंच डोंगरांची प्रसिद्ध दरी.)

मी तोवर डिकीत बोर्ड टेकवून आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, टाकला होता. समुद्रावरून धुकं आत आलं की इथे जलरंग वाळायचं नाव घेत नाही. कितीतरी वेळाने बोट लावून पाहिलं तरी करडा रंग बोटाला येत होता. त्या ओलीत कड्याची कडा फुटून आकाशात पसरली, आणि धुक्यातला कडा तसाच तर दिसतो! दादा गाडीत हीटर लावून बसलेला. रात्री जेवताना सगळ्यांदेखत म्हणतो, "फोटो घ्यावा, घरी चहा पीत चित्र करावं. तीच ती जागा काय काढत बसतेस? हिची सगळी चित्रं सारखीच."

आता चित्रकार जोन अर्डलीचं ऐका. जन्म १९२१चा, तोही इंग्लंडात, ससेक्समध्ये. शिकली ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि तिथल्या टाउनहेड वस्तीतली पोरं रंगवून नाव काढलं. १९५०च्या सुमाराला अ‍ॅबर्डीनला प्रदर्शन होतं, नेमके गालगुंड झाले, आणि बरी होत असताना मैत्रिणीने तिला गाडीतून कॅटरलाइन दाखवलं. ती तिथलीच झाली. वीज नाही, नळ नाही अशा घरात राहून घरामागचं तेच शेत, तोच किनारा, पुन्हा पुन्हा. ग्लासगोत असताना वादळाची खबर लागली की निघालीच. वाऱ्यात इझल उडू नये म्हणून दोर आणि दगड. 'द वेव्ह' हे १९६१चं चित्र सहा फूट रुंद, हार्डबोर्डवर, आणि तैलरंगात चक्क वाळूची खर मिसळलेली. शेताच्या चित्रांत खरं गवत नि बिया चिकटलेल्या. फोटोतून बी कसं चिकटणार, दादा? १९६३ मध्ये कर्करोगाने गेली, वय फक्त ४२. रक्षा त्याच किनाऱ्यावर विखुरली.

बाकीचे थोडक्यात. विल्यम मॅक्टॅगर्ट (१८३५–१९१०) पश्चिम किनाऱ्यावरच्या किंटायर द्वीपकल्पातल्या गरीब शेतकरी घरातला, औषधाच्या दुकानात उमेदवारी करून मग एडिनबर्गला शिकायला गेला. पुढे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात किंटायरमधल्याच मॅक्रिहानिशच्या किनाऱ्यावर परतायचा. त्याच्या लाटा बघाच. कॅडेल आणि पेपलो हे दोघे स्कॉटिश चित्रकार पश्चिमेच्या आयोना बेटावर चित्रं काढायला जायचे. जेम्स मॉरिसन (१९३२–२०२०) ग्लासगोचा, तोही आधी कॅटरलाइनला राहिला, मग माँट्रोजला; त्याच्या चित्रांत त्या अँगस भागातली शेतं आणि भलंमोठं आभाळ.

लंडनचा चित्रकार लँडसीयर याचं १८५१चं शिंगाळ्या हरणाचं प्रसिद्ध चित्र मात्र मला कॅलेंडर वाटतं. पुढे ते साबणाच्या आणि व्हिस्कीच्या जाहिरातींत गेलं यात मला नवल वाटत नाही. दादाला अर्थातच तेच सगळ्यात आवडलं.

एक सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच: ग्लासगोच्या मुलांची चित्रं करताना अर्डली फोटोंचा आधार घ्यायची. मुलं एका जागी बसत नाहीत, तिथे ठीक आहे. आणि गुडघे दुखत असतील किंवा पोरं लहान असतील तर फोटोवरून करा, कुणी फाशी देणार नाही. पण ज्याला सुट्टी आहे, गाडी आहे आणि धडधाकट पाय आहेत, त्याने ही सबब सांगू नये.

सुरुवात कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: घरापासून चालत जाता येईल अशी जागा धरा आणि पावसाळाभर तिथेच जा. 'द वेव्ह' एडिनबर्गच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. सगळी चित्रं कायम भिंतीवर नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा.