सोल्डर टोकावर नव्हे, सांध्यावर वितळवावे
सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डर (जोडकामाची, वितळणारी मिश्रधातूची तार) वितळवून तो थेंब सांध्यावर ठेवण्याची सवय नवशिक्याने लावून घेऊ नये, कारण तोवर सोल्डरच्या आतला फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करणारा पदार्थ) जळून गेलेला असतो आणि सांधा वरून चिकटलेला दिसला तरी आतून सुटाच राहतो. सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापलेले, ओल्या स्पंजावर पुसलेले टोक पॅड (सर्किट बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि घटकाचा पाय (त्याची धातूची तार) या दोहोंना एकदमच टेकवावे, सेकंदभर थांबावे आणि मग सोल्डर समोरच्या बाजूने लावावे, म्हणजे ते आपसूक पायाभोवती पसरते. सुरुवातीला ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) सोल्डर बरे. ते १८३ अंशांना झटकन गोठते, त्यामुळे हात थरथरला (माझा अजूनही थरथरतो) तरी सांधा सहसा बिघडत नाही. शिशामुळे नंतर हात धुवावेत. वायर जोडताना हीट-श्रिंक नळी (उष्णतेने आवळून सांधा झाकणारी) आधीच ओवून ठेवावी. ती विसरल्यामुळे चांगले सांधे मला पुन्हा उकलावे लागले आहेत.