वाटप, वाटणी की वितरण? 'डिस्ट्रिब्युशन'वरच्या तुमच्या प्रश्नांची उत्तरं

एकाच शब्दावर इतके प्रश्न येऊन राहिले की शेवटी एकत्रच लिहायला घेतलं. शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हाही पोट्टे 'डिस्ट्रिब्युशन म्हणजे वाटप' एवढंच पाठ करायचे अन् दिसेल तिथं तेच चिकटवायचे.

सर, पीडीएसमधला 'डी' कशाचा?
डिस्ट्रिब्युशनचाच. सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे आपलं रेशन.

लाइट बिलावरची 'डिस्ट्रिब्युशन कंपनी' म्हणजे काय?
महावितरण. 2005 मध्ये जुन्या वीज मंडळाचे भाग पडले, त्यात वीज तयार करणारी महानिर्मिती, टॉवरवरून दूर नेणारी महापारेषण अन् घरापर्यंत, मोटरपंपापर्यंत पोचवणारी ही. बिलाबद्दल तक्रार असेल तर ती मात्र ऑफिसात जाऊन द्या, मला नको.

मुलगी नववीत आहे. गणितात 'वारंवारता वितरण' आलं, ते कोण कोणाला वाटते?
कोणीच नाही. इथं अर्थ 'पसरलं कसं आहे' असा. वर्गातल्या 40 पोरांत किती जणांना 0 ते 10 मार्क, किती जणांना 10 ते 20, हे मांडलं की झालं वितरण. भूगोलातलं पावसाचं वितरणही असंच, गडचिरोलीकडे जास्त अन् बुलडाण्याकडे कमी.

व्हॉट्सॲपवर वाचलं की 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द 'डिस्ट्रिब्युशन'वरूनच आला.
चूक. डिस्ट्रिब्युशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ट्रिब्युएरे' आहे, म्हणजे नेमून देणं, अन् डिस्ट्रिक्ट वेगळ्याच क्रियापदातून आला. फॉरवर्ड करण्याआधी डिक्शनरी उघडत जा ना, मोबाइलमध्येच असते.

शेअर, अलॉटमेंट, अलोकेशन, डिस्ट्रिब्युशन सगळं एकच का?
नाही. शेअर म्हणजे आपल्या वाट्याचा हिस्सा. अलॉटमेंट म्हणजे नावावर नेमून दिलेलं, प्लॉट किंवा घरकुल. अलोकेशन म्हणजे एखाद्या कामासाठी बाजूला काढलेलं. डिस्ट्रिब्युशन म्हणजे ज्याचं त्याला प्रत्यक्ष देणं. म्हणून पेपरात निधी 'अलोकेट' झाल्याचं आलं म्हणजे पैसा गावात पोचला असं नाही, ग्रामसेवकाला विचारून खात्री करा.

बाबा वारले. आई, दोघं भाऊ अन् बहीण. पुण्याच्या भावानं इंग्रजीत कागद पाठवला, वर 'डिस्ट्रिब्युशन' लिहिलं आहे अन् आत बहिणीच्या नावापुढे 'रिलीज'. मोबाइलनं भाषांतर 'प्रकाशन' असं दिलं. ताईनं सही करावी का?
करू नये! आधी थांबा. हा 'रिलीज' पुस्तकाचा किंवा सिनेमाचा नाही, हे हक्कसोड आहे. वर वाटपाचा मथळा अन् आत हक्कसोड, असे कागद मी पाहिले आहेत अन् दरवेळी जीव कळवळते, कारण सही करणारीला वाटते की आपल्यालाही काही मिळून राहिलं. मथळ्यावर जाऊ नका, आतलं वाक्य काय म्हणते ते पाहा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात 'डिस्ट्रिब्युशन' हा शब्द आहेच, कलम 10 मध्ये, पण तिथं तो वारसांत हिस्से कसे पडतात ते सांगायला येते, अन् मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गातल्या वारसांत आई, मुलं, मुलगी सगळे येतात. 'पोरीच्या लग्नात दिलं, आता तिचा काय हिस्सा' ही पारावरची गोष्ट झाली, कायदा नाही. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलासारखाच आहे. अन् प्रत्यक्ष वावर वेगळं करून धुरे पाडणं म्हणजे 'पार्टिशन', वाटणी, तो तिसराच कागद, महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडेही त्यासाठी अर्ज करता येते. ताईला खरंच हक्क सोडायचा असेल तर सोडू द्या, तिची मर्जी, पण मराठीत समजून घेऊन. वारसनोंद तेवढी लांबणीवर टाकू नका, ती पहिले करा. मी इंग्रजीचा मास्तर, वकील नाही, म्हणून कागद वकिलाला दाखवा, अन् भावानं लावलेल्याला नाही, वेगळ्याला. खर्चाची चिंता असेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईमाणसाला उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळते.

रिटायर झालो. एजंट म्हणते 'इन्कम डिस्ट्रिब्युशन'वाला फंड घ्या, घरबसल्या उत्पन्न.
अर्धंच नाव सांगितलं त्यानं. पूर्ण नाव 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉल', म्हणजे मिळणाऱ्या पैशात तुमचं स्वतःचं मुद्दलही परत आलेलं असू शकते. आधी याला डिव्हिडंड म्हणायचे, लोकांचा गैरसमज व्हायचा म्हणून एप्रिल 2021 पासून सेबीनं, म्हणजे शेअर बाजार अन् फंडांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नाव बदलायला लावलं, अन् हे एजंट नेमका तोच भाग गिळतात. त्याच्या कार्डावर 'डिस्ट्रिब्युटर' असेल तर त्याला विक्रीवर कमिशन मिळते हे ध्यानात ठेवा अन् पैसे टाकण्याआधी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा.

शाळेत गणवेश वाटपाचा इंग्रजी रिपोर्ट लिहायचा आहे. 'डिस्ट्रिब्युटेड'च्या पुढे 'टू' की 'अमंग'?
दोन्ही चालतात. हेडमास्तरांना एकदा दाखवून घ्या.