‘जीटीओ’मधला ‘ओ’

प्रश्न असा आहे: फेरारीच्या ‘२५० जीटीओ’ या नावाचा विस्तार एका मराठी लेखात ‘भव्य पर्यटन समजातीय’ असा दिला होता. तो बरोबर आहे का?

‘भव्य पर्यटन’ एक वेळ चालवून घेऊ, जरी ‘ग्रान तुरिस्मो’ (जीटी) म्हणजे सहल नव्हे, लांबचा पल्ला वेगात आणि ऐटीत गाठणारी गाडी. ‘समजातीय’ मात्र साफ चूक. हा शब्द रसायनशास्त्रातल्या ‘समजातीय श्रेणी’तून उचललेला दिसतो. मूळ ग्रीक एकच खरं: ‘होमोस’ म्हणजे तोच, ‘लोगोस’ म्हणजे बोल, दोन्ही मिळून आपली ‘एकवाक्यता’. पण रसायनात त्याला एक अर्थ चिकटला आणि कायद्यात दुसराच. इटालियनमध्ये ‘ओमोलोगारे’ म्हणजे अधिकृत मंजुरी देणे; न्यायालय तडजोडीवर शिक्कामोर्तब करतं, त्यालाही हेच क्रियापद. ‘ओमोलोगातो’ म्हणजे मंजूर झालेला; ‘जीटीओ’मधला ‘ओ’ तो हाच. इतका कचेरीतला शब्द जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एकीच्या नावात जाऊन बसला, ही गंमतच.

तो तिथे गेला शर्यतीच्या नियमांमुळे. जीटी वर्गात उतरायचं तर बारा महिन्यांत १०० गाड्या बनवल्याचं एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पटवून द्यावं लागे. २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात बनल्या जेमतेम ३६! फेरारीचा युक्तिवाद असा, की ही नवी गाडी नव्हेच, आधीच मंजूर असलेल्या, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलेल्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे. बाह्यांग बदलायला नियमात वाव होता, तो पुरेपूर वापरला गेला. (२५० हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा, घन सेंटिमीटरमध्ये, असे बारा, म्हणजे इंजिन सुमारे तीन लिटरचं.) पुढे इंजिन मागे असलेल्या २५० एलएमसाठी हीच मात्रा चालली नाही. एफआयएने तिला जीटी मानायला नकार दिला, तेव्हा ती प्रोटोटाइप, म्हणजे किमान संख्येची अट नसलेल्या, वर्गात धावली आणि १९६५ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली.

मराठीत काय म्हणावं? वाहनांची चाचणी घेऊन मान्यता देणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेशी कामानिमित्त संबंध येणारी मंडळी सरळ ‘होमोलोगेशन’ म्हणतात, आणि कारखान्यात तेच बरं. सामान्य वाचकासाठी ‘मान्यताप्राप्त’ पुरे. ‘प्रमाणित’ मला तितकासा पटत नाही, त्यातून दर्जाची हमी ध्वनित होते. इथे प्रश्न वर्गात बसण्याचा आहे.

अमेरिकेत पाँटिअॅक या मोटार कंपनीने १९६४ मध्ये ‘जीटीओ’ हे नाव उचललं. त्या गाडीला असली कुठलीही मान्यता नव्हती, घ्यायचीही नव्हती. तिथे ‘ओ’चं भाषांतर करू नये.