विश्वासार्हता, पण कोणापासून कोणापर्यंत?

प्रश्न असा आलाय : समांतर संगणकातल्या जोडणी-जाळ्यांवर (अनेक प्रोसेसर आणि मेमरी स्विचांनी जोडणाऱ्या जाळ्यांवर) मराठीत लिहिताना ‘टर्मिनल रिलायबिलिटी’ आणि ‘नेटवर्क रिलायबिलिटी’ या दोन्हींना ‘जाळ्याची विश्वासार्हता’ म्हटलं तर चालेल का?

अजिबात नको. जाळं तेच असलं तरी दोन्हींचे आकडे वेगळे येतात.

डंकन लॉरी यांनी १९७५ मध्ये मांडलेलं ओमेगा जाळं घ्या. ८ प्रोसेसर, ८ मेमरी; मधे तीन टप्पे, दर टप्प्यात ४ स्विच, एकूण १२. कुठल्याही प्रोसेसरपासून कुठल्याही मेमरीपर्यंत वाट एकच, आणि तिच्यावर तीन स्विच. प्रत्येक स्विच शाबूत असण्याची शक्यता ०.९९ धरा, एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही असंही धरा. मग निरोप पोचण्याची शक्यता ०.९९ चा घन, म्हणजे ०.९७०. ही टर्मिनल रिलायबिलिटी. त्याच प्रोसेसरला आठही मेमरी गाठायच्या असतील तर पहिल्या टप्प्यातला १, दुसऱ्यातले २ आणि तिसऱ्यातले ४ असे सात स्विच शाबूत हवेत : ०.९३२. आणि कुणालाही कुणाशीही बोलता यायला हवं असेल तर बाराच्या बारा : ०.८८६. ही नेटवर्क रिलायबिलिटी.

म्हणून मी अनुक्रमे ‘दोन टोकांमधली’, ‘एकाकडून सर्वांपर्यंतची’ आणि ‘संपूर्ण जाळ्याची’ विश्वासार्हता असं लिहीन. लांबलचक वाटेल, पण वाचणारा चकणार नाही. ‘टर्मिनल’साठी ‘अंतिम’ मात्र कृपा करून वापरू नका. इथे टर्मिनल म्हणजे टोक; ‘अंतिम विश्वासार्हता’ वाचून सगळा हिशेब झाल्यावर उरलेला आकडा असंच कुणालाही वाटेल.

जाळ्यात एक जादा टप्पा घातला की दोन टोकांमध्ये दोन वाटा होतात. त्यांना ‘पर्यायी वाटा’ म्हणावं, ‘स्वतंत्र’ म्हणू नये, कारण पहिला आणि शेवटचा स्विच दोन्हींना सामाईक असतो. आकडा ०.९७९७ पर्यंत चढतो, पण त्या दोन स्विचांमुळे ०.९८०१ च्या वर जाऊच शकत नाही.

‘विश्वासार्हता’ की ‘विश्वसनीयता’? दोन्ही शुद्ध, दोन्ही रूढ. एका लेखात एकच ठेवा. ‘उपलब्धता’ मात्र तिथे आणू नका, तिच्यात दुरुस्तीचा वेळही धरतात. आणि ०.९९ हा आकडा किती तासांसाठी धरलाय, तेही त्याच वाक्यात लिहा.