आधीच दमलेल्या माणसाने व्यायाम कसला करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल, दिवसभर खुर्ची, घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. व्यायामाने उत्साह वाढतो म्हणतात, पण व्यायाम करायला लागणारी ताकद आणायची कुठून?

मीही त्याच लाइनवरचा, कल्याणचा. उत्साह वाढतो, हे अनुभवाने सांगतो. पण घाम निथळला नाही तर तो व्यायामच नव्हे, हे खूळ आधी डोक्यातून काढा. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरणारे कितीतरी जण याच खुळापायी मार्चपर्यंत गायब होतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २००८ साली अगदी तुमच्यासारख्यांवर प्रयोग झाला होता. बैठं आयुष्य, सततचा थकवा, पण आजार काही नाही. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं सायकल. एका गटाने ती हलक्या जोराने चालवली, दुसऱ्याने मध्यम. उत्साह दोन्ही गटांत साधारण २० टक्क्यांनी वाढला. थकवा मात्र हलक्या गटाचाच जास्त उतरला: ६५ टक्के, तर मध्यम गटाचा ४९. माणसं ३६च होती, म्हणून आकडे फार धरून बसू नका. पण हलकं चालतं, एवढं त्यातून नक्की घ्या.

हे होतं कसं? एक कारण असं असावं. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नातून शक्ती तयार करणारी छोटी वीजघरंच म्हणा. अमेरिकेतले संशोधक जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना ट्रेडमिलवर पळवून दाखवलं, की नियमित व्यायामाने स्नायूंतली ही यंत्रणा वाढते. माणसांतही तेच होतं. शिवाय हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. रेल्वेचा पूल तोच, जिने तेवढेच, पण ते चढायला तुमच्या कुवतीतला कमी हिस्सा लागतो. उरलेलं घरी येतं.

आता वेळेचं. पहाटे पाचचा गजर लावू नका. साडेबाराला झोपणाऱ्याने पाचला उठून पळणं म्हणजे झोपेतून उचलून व्यायामात भरणं. त्यात हाती काही लागत नाही. मी संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग सोडली आणि चालत घरी जाऊ लागलो. रांगेत उभं राहण्याचा वेळ धरला तर फार उशीरही होत नाही. वेग असा ठेवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पहिला फरक मला चालण्यात जाणवलाच नाही, झोपेत जाणवला. लवकर लागू लागली, मध्येच मोडेना. दुपारच्या जांभया त्यानंतर कमी झाल्या.

दुपारी तीनला डोळे मिटायला लागले, की चहाआधी ऑफिसचे जिने दहा मिनिटं सावकाश चढ-उतार करून बघा. त्याच जॉर्जिया विद्यापीठात झोप अपुरी असलेल्या तरुणींवर हेही तपासलं होतं. ५० मिलिग्रॅम कॅफीनपेक्षा जिन्याने जास्त तरतरी आली. ती थोडाच वेळ टिकते, पण तीनची वेळ निभावते. चहा सोडा असं मी म्हणत नाही, तेवढा त्याग माझ्याच्याने होणार नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी मात्र रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पुरुषही त्यातून सुटलेले नाहीत. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी त्याचा इलाज. आणि थोडं चाललात तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल, असं पुन्हापुन्हा होत असेल, तर नेट लावून चालत राहू नका. काही आजारांत व्यायामाने थकवा उलट वाढतो. तिथे डॉक्टरच गाठा, आणि 'श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी कोसळतो' हे त्यांना याच शब्दांत सांगा.