थायलंडला जायचंय ना? मग आधी निफाडची वाटणी

प्रश्न : माझं वय ६१, पत्नीचं ५८. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो. इंदिरानगरला फ्लॅट आहे, २००९ मध्ये २२ लाखांना घेतला, आज ७० लाख येतील. भाड्याने दिला तर महिना १८ हजार मिळतील. बँकेत ६० लाखांच्या ठेवी, ईपीएफची पेन्शन महिना ५ हजार. निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग; सातबारावर माझं आणि थोरल्या भावाचं नाव सामाईक. गेल्या वर्षी थायलंडला सहलीला गेलो आणि चियांग माई मनात भरलं. तिथे महिना ६० हजारांत दोघं आरामात राहू, असं कळलं. मलेशिया आणि पोर्तुगालचीही चौकशी केली. मुलगा पुण्यात आहे, त्याची ना नाही. एक एजंट म्हणतो, 'व्हिसासाठी बँकेत दाखवायची रक्कम आम्ही दाखवू, पैसे तिकडे पोहोचवायचीही सोय करू.' त्याला २५ हजार आगाऊ दिलेत, पासपोर्टही दिलेत. पुतण्या म्हणतो, 'काका, मुखत्यारपत्र करून द्या, बाग मी सांभाळतो.' आम्ही कोणता देश निवडावा आणि निघण्याआधी काय काय उरकावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. देश तुम्ही निवडायचाच नाहीये, तो तुमच्या आकड्यांनी जवळजवळ निवडलाय. मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना २०२४ मध्ये बदलली. तिच्या सर्वांत खालच्या, सिल्व्हर गटातही दीड लाख डॉलरची ठेव आणि वर किमान सहा लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं. फ्लॅट विकून सगळी पुंजी तिथे ओतलीत तरी ओढाताण होईल. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला तिथल्या किमान वेतनाइतकं बसल्या जागचं उत्पन्न लागतं. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं, पत्नीसाठी आणखी निम्मं. तुमचं भाडं, व्याज आणि पेन्शन मिळून महिना ५८ हजार होतात. पोर्तुगालचा विषय इथेच मिटला.

राहिलं थायलंड. तिथल्या निवृत्तांच्या ओ-ए व्हिसाला वयाची अट ५० ची आहे, ती तुम्ही केव्हाच ओलांडलीत. पैशाची अट अशी: महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर आठ लाख बाट बँकेत ठेवा. उत्पन्नाचा रस्ता तुम्हाला बंद आहे, म्हणजे ठेव. हिशेबाला ती २२ लाख रुपये धरू. शिवाय आरोग्य विमा, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. व्हिसा मिळाल्यावर दर ९० दिवसांनी तिथल्या इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. नोकरी-धंदा करता येत नाही. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. 'स्थानिक कंपनीच्या नावाने बंगला घेऊन देतो' असं कोणी म्हणालं, तर त्याचा नंबर फोनमधून पुसून टाका. तुमच्यासारख्यांनी भाड्यानेच राहावं.

आता महिना साठ हजारांकडे वळू, कारण माझं खरं म्हणणं इथेच आहे. स्वस्त देशाचा हिशेब लोक तिथल्या भाजीच्या आणि घरभाड्याच्या दरावर करतात. तो करायचा असतो इथे, इंदिरानगरच्या बँकेच्या पासबुकावर. ६० लाखांतले २२ लाख व्हिसाच्या ठेवीत अडकले की उरले ३८. सात टक्के धरले तर वर्षाला २ लाख ६६ हजार व्याज. भाडं २ लाख १६ हजार, पेन्शन ६० हजार. एकूण ५ लाख ४२ हजार, म्हणजे महिना ४५ हजार. इथेच पंधरा हजारांची तूट आली, आणि आयकर अजून दारात उभाच आहे.

आज तुम्ही निवासी आहात, म्हणजे कराच्या लेखी भारतात राहणारे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही, तो करसवलतीमुळे. ही सवलत फक्त निवासी व्यक्तीला आहे. अनिवासी झालात की ती गेली. तुमच्या आकड्यांवर प्रत्यक्ष कर तरीही हजार रुपयांच्या आतच येतो, कारण चार लाखांपर्यंत शून्यच आहे आणि भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते. (द्राक्षांचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना जमेस धरतात. ते तूर्त बाजूला ठेवतो.) खरी मेख आहे टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापल्या जाणाऱ्या करात. अनिवासी माणसाच्या एनआरओ खात्यावरच्या (अनिवासीचं भारतातलं रुपयांचं खातं) व्याजातून बँक ३१.२ टक्के कापते. भाडेकरूनेही भाड्यातून तेवढेच कापायचे असतात, आणि बहुतेक भाडेकरूंना आणि इस्टेट एजंटांना याचा पत्ताच नसतो. व्याजातून सुमारे ८३ हजार आणि भाड्यातून सुमारे ६७ हजार, मिळून वर्षाला दीड लाख. देणं हजाराच्या आत आणि कापले दीड लाख! विवरणपत्र भरल्यावर परतावा मिळतो, पण तोवर तुमच्या हातात महिना ३२-३३ हजारच पडतील. यावर उपाय आहे. आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला घ्यायचा, तोही दर वर्षी. चांगला सीए गाठा. हे काम स्वतः ऑनलाइन करायला गेलात तर चियांग माईच्या बाल्कनीत बसून ओटीपीची वाट बघत राहाल.

थायलंडचाही कर लक्षात ठेवा. कॅलेंडर वर्षात १८० दिवस तिथे राहिलात तर तुम्ही तिथले करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरून तिथे आणलेल्या उत्पन्नावर ते कर लावू शकतात. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तो कामाला येतो. पण त्यासाठी कागद जपावे लागतात.

अनिवासी नेमकं कधी होता, यावर दोन कायदे दोन वेगळी उत्तरं देतात. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा हेतू बघतो. अनिश्चित काळासाठी राहण्याच्या इराद्याने गेलात, की तेव्हापासून अनिवासी. मग साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. आयकर दिवस मोजतो. नोकरीसाठी जाणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची मुभा आहे, निवृत्ताला नाही. ज्या आर्थिक वर्षात निघालात त्या वर्षी भारतात ६० दिवस झाले असले, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५, तर त्या वर्षापुरते तुम्ही निवासीच. म्हणजे जूनमध्ये विमानात बसलात तर बँकेच्या लेखी अनिवासी, आयकराच्या लेखी मात्र इथलेच! त्या वर्षीच्या विवरणपत्रात थायलंडमधलं खातं परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागेल. ते लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

पैसे पाठवायचा सरळ रस्ता असा. निवासी असेपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. तुमची रक्कम त्या मानाने किरकोळ आहे. मात्र आर्थिक वर्षात दहा लाखांवर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कर, घेते. २२ लाख एकदम पाठवलेत तर २ लाख ४० हजार अडकतील. अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवलेत तर दोन्ही वेळा मिळून ४० हजार. टीसीएस हा जादा कर नव्हे, विवरणपत्रात तो तुमच्या करातून वळता होतो. पण अडकवायचेच कशाला? अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून पैसे नेता येतात, कागदपत्रं थोडी जास्त लागतात एवढंच.

फ्लॅटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण किंमत लिहिलीत, म्हणजे विकायचं मनात घोळतंय. माझा सल्ला: विकू नका. परतायची वेळ आली तर परतायला घर पाहिजे. त्या वयात तब्येतीसाठी परत येणारे मी पाहिलेत, आणि भारतातला मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्याच उपचारांना चालतो. तरीही विकायचाच असेल तर निवासी असतानाच विका. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्के, किंवा न लावता १२.५ टक्के, यांतला कमी कर भरण्याची मुभा निवासी व्यक्तीलाच आहे. २०२५-२६ च्या निर्देशांकाने तुमच्या २२ लाखांचे सुमारे ५५.९ लाख होतात, आणि कर उपकर सोडून २ लाख ८२ हजारांच्या आसपास येतो. अनिवासी म्हणून विकलात तर ४८ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के, म्हणजे सहा लाख. शिवाय कमी कपातीचा दाखला नसेल तर पुष्कळ खरेदीदार पूर्ण किमतीवरच टीडीएस कापून मोकळे होतात.

आता बाग. सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, परदेशी गेलेल्या माणसाच्या जमिनीचे वाद परक्यांशी कमी आणि सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांशी जास्त असतात. आधी वाटणी करून घ्या. भाऊ तयार असेल तर तहसीलदारांपुढे संमतीने किंवा नोंदणीकृत वाटणीपत्राने. भूमी अभिलेखची मोजणी करा, बांध ठरवा, फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) मंजूर होऊन तुमच्या सव्वा एकराचा वेगळा सातबारा हातात आला की मगच तिकीट काढा. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि रस्ता वाटणीपत्रात लिहा. निफाडमध्ये भावकीची भांडणं जमिनीवरून कमी आणि पाण्याच्या पाळीवरून जास्त होतात.

अनिवासी झालात तरी ही जमीन तुमच्या नावावर राहू शकते, फेमा त्याआड येत नाही. पण नवीन शेतजमीन भारतात घेता येणार नाही, आणि आहे ती विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच, तोही महाराष्ट्राच्या कायद्याने शेतकरी असलेला. म्हणून 'विकून टाकतो, पुढे वाटलं तर घेईन' हा बेत डोक्यातून काढा.

पुतण्याला मुखत्यारपत्र द्या, पण सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र नको. बाग कसणं, सोसायटीची कामं, वीजबिल, विम्याचे अर्ज, माल विकून पैसे तुमच्या खात्यात भरणं, एवढंच त्यात येऊ द्या. विक्री, गहाण आणि बक्षीस हे शब्द त्यात दिसता कामा नयेत. इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिकडून करायचं तर भारतीय दूतावासापुढे सही आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, हा व्याप वाढतो. बटाईचा व्यवहार लेखी करा. ई-पीक पाहणी तुमच्या नावाने लागते का, हे दर हंगामात बघा. पुढे पुतण्याने ती बाग परक्याला कसायला दिली तर कुळाचा दावा तिथूनच उगवतो. जमीन त्याला बक्षीसपत्राने देऊ नका. नाममात्र मुद्रांकाची सवलत मुला-नातवंडांसाठी आहे, पुतण्यासाठी नाही. दिलीतच, तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे स्पष्ट लिहा. मग त्याने पाठ फिरवली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांपुढे ते रद्द करून मागता येतं.

मृत्युपत्र दोघांचंही करा, दोन साक्षीदार ठेवून. थायलंडमधल्या खात्यासाठी तिथे वेगळं केलंत तर एक वाक्य तपासा: 'माझी पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द'. या छापील वाक्याने नाशिकचं मृत्युपत्र नकळत मरतं.

एवढं वाचून हिरमोड झाला असेल तर एक मधला मार्ग आहे. कायमचं जाऊ नका, वर्षातून तीनेक महिने जा. परतण्याच्या इराद्याने गेलात तर निवासीच राहता, करसवलत राहते, बँकेची खाती आहेत तशीच राहतात. व्हिसाही त्या मुक्कामापुरताच, मात्र तो किती दिवसांचा मिळेल हे मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाकडून पक्कं करा. ऑक्टोबर छाटणी उरकली, की नोव्हेंबरला निघा. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत शेतातला काडीकचरा आणि रानं पेटतात, धुराने हवा वाईट होते. नेमकी तेव्हा आपल्याकडे बाग तोडणीला असते, म्हणजे परत यायला कारणही आहे. दोन हिवाळे असे काढा, मग कायमचं बघू.

एजंटचं शेवटी ठेवलं, पण तुम्ही पहिलं तेच करा. दुसऱ्याची शिल्लक तुमची म्हणून दाखवणं ही व्हिसासाठी केलेली फसवणूक आहे, आणि ती उघड झाली तर हद्दपारीचा शिक्का तुमच्या पासपोर्टवर बसेल, एजंटच्या नाही. 'पैसे पोहोचवायची सोय' म्हणजे हवाला. फेमात रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. पंचवीस हजारांची पावती किंवा यूपीआयची नोंद असेल तर लेखी नोटीस द्या. परत दिले नाहीत तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पासपोर्टसाठी मात्र नोटिशीची वाट बघू नका. पासपोर्ट कायद्याने भारत सरकारची मालमत्ता असतो, कुठल्याही एजंटला तो पैशांसाठी अडकवून ठेवता येत नाही. उद्या सकाळी दोघं मिळून जा आणि दोन्ही घेऊन या. द्यायला कां-कूं केलं, तर तिथूनच थेट पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.