हसणारी लक्ष्मीबाई, चिडलेली ताराबाई

प्रश्न : आमच्या वाचनगटात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आणि ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' लागोपाठ वाचलं. पहिलं अस्सल साहित्य वाटलं, दुसरं मात्र नुसती आदळआपट. स्त्रीवादी समीक्षेच्या मते त्यालाही साहित्य म्हणायचं का? बाईनं लिहिलं म्हणून वाढीव गुण?

उत्तर : वाढीव गुण अजिबात नकोत. पण गुण कशाला देतो, ते तपासू या.

मी महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हा माझ्या टिपणवहीत लक्ष्मीबाईंच्या नावापुढे तीन शब्द होते : सहज, निरागस, प्रसन्न. माझ्या शिक्षकांकडून आलेले. मी ते वर्षानुवर्षं पुढे वाटले, याचं आज वाईट वाटतं. एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, वडील सोवळ्यापायी घरात आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुवायला लावणारे, नवरा न सांगता घर सोडून जाणारा. हे सगळं लिहिणारी बाई निरागस कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं. कुठली हकिगत आधी सांगायची, कुठे थांबायचं, कुणाला हसायचं, हे लक्ष्मीबाई पुरेपूर जाणून आहेत. ते कसब आहे. 'सहज' म्हटलं की कसबाचं श्रेय लेखिकेकडून काढून स्वभावाला दिलं जातं.

आता ताराबाई. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून एकूण बायकांच्याच नीतीवर ताशेरे सुरू झाले. 1882 चं हे पुस्तक म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. तुम्ही ज्याला आदळआपट म्हणता, तिची बांधणी बघा : बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती आहे, हे दाखवायचं. शिवाय 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या कादंबऱ्यांनाही त्या जाब विचारतात. पुस्तकात रंगवलेली बाई आणि घरातली बाई यांचा मेळ कुठे बसतो, हा प्रश्न मराठीत इतक्या आधी एका बाईनं विचारला आहे. माझ्या मते स्त्रीवादी समीक्षा आपल्याकडे तिथेच सुरू होते. ती बाहेरून आली, असं कुणी म्हणालं की मी हे पुस्तक पुढे ठेवते.

जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. तरीही पुस्तक विस्मरणात गेलं ते 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! 'स्मृतिचित्रे'च्या वाट्याला असं काही आलं नाही. हसत सांगणारी बाई अभ्यासक्रमात बसली आणि चिडून सांगणारी बाजूला पडली, यात गुणवत्तेचा भाग किती आणि बाईनं कुठल्या सुरात बोलावं याबद्दलच्या आपल्या सवयीचा किती? (आगरकरही चिडूनच लिहीत. त्यांच्या गद्याला आपण 'आदळआपट' म्हणत नाही, 'तेजस्वी' म्हणतो.)

दोन्ही पुस्तकं सारख्या तोलाची आहेत, असं मी म्हणणार नाही. ताराबाईंच्या लेखनात पुनरुक्ती आहे, काही ठिकाणी युक्तिवाद भरकटतो. ते गटात जरूर बोला. फक्त पुढच्या बैठकीत एक करून बघा. 'स्मृतिचित्रे'त जिथे जिथे हसू आलं तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि त्या खुणेच्या आधीचं पान मोठ्यानं वाचा.